हेलियमचे दोन

शाळेच्या प्रयोगशाळेत आवर्तसारणीचा तक्ता नवा कोरा होता, तेव्हाची ही गोष्ट. परीक्षेला बाई त्यावर वर्तमानपत्र चिकटवायच्या. त्यामागे, अठराव्या गणाच्या टोकाला बसलेला हेलियम मुलांचं पुटपुटणं ऐकायचा.

"हेलियम, गण अठरा. अठरातून दहा गेले, बाहेरचे इलेक्ट्रॉन आठ."

खालच्या निऑनला, आर्गॉनला हे गणित तंतोतंत लागू पडायचं. हेलियमकडे मात्र सगळे मिळून दोनच होते.

"मी तुमच्यातला नाहीच," असं निऑनला सांगून तो एकदा दुसऱ्या गणात गेला. तिथे सगळ्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन दोनच.

"बस की," मॅग्नेशियम म्हणाला. "फक्त इथे मागणाऱ्याला दोन्ही देऊन टाकायची रीत आहे."

तेवढ्यात ऑक्सिजन आला. मॅग्नेशियमने आपले दोन्ही त्याला देऊन टाकले. मग दुसऱ्या ऑक्सिजनने हेलियमपुढे हात केला. हेलियमने खूप ओढून पाहिलं, पण एकही सुटेना.

"राहू दे," म्हणत ऑक्सिजन निघून गेला. हेलियम आपल्या कोपऱ्यात परतला.

पुढच्या परीक्षेला पुन्हा वर्तमानपत्र लागलं, पुन्हा चहूकडून "आठ, आठ" ऐकू आलं.

शेवटच्या बाकावर शर्वाणीनेही आठच लिहिले होते. मग तिचं पेन थांबलं. 'पण याच्याकडे मुळात आहेतच दोन,' असं म्हणत तिने आठ खोडून दोन लिहिले.

ती हे मनातल्या मनात म्हणाली. वर्तमानपत्रामागे काहीच ऐकू गेलं नाही.