कडेवरचं नाव

लढाया संपून गेल्या होत्या आणि शिपायांची पदकं जुन्या बाजारात येऊ लागली होती, त्या काळातली ही गोष्ट. एका दुकानात चांदीची दोन पदकं एकाच थाळीत पडून होती. एक लखलख्या, दुसरा काळ्या.

दर सणाला दुकानदारीण रांगोळी घेऊन चांदी घासायला बसे. लखलख्या घरंगळत पुढे जाई, काळ्या मात्र थाळीतल्या कापडाखाली सरके.

"घासून घे की रे," लखलख्या म्हणे. "असा काळाठिक्कर तुला कोण विचारणार?"

"माझ्या कडेवर शिपायाचं नाव कोरलंय. घासलं की तेही झिजतं."

"कडेला कोण बघतंय?"

एका दुपारी गोदूताई शेडगे आल्या. आईनं नडीला विकलेलं आजोबांचं पदक त्या गावोगाव शोधत होत्या. त्यांचं रुंद कपाळ बघून लखलख्या हरखला. त्याच्या शिपायाचं कपाळ असंच होतं.

गोदूताईंनी आधी त्यालाच उचललं आणि भिंगाखाली त्याची कड फिरवली. कड गुळगुळीत होती.

"मीच तो, बाई," लखलख्या म्हणाला. पण पदकांचं बोलणं पदकांनाच ऐकू येतं. त्यांनी त्याला खाली ठेवलं आणि काळ्याची कड वाचली.

"हे आमचं नाही," त्या दुकानदारणीला म्हणाल्या, "पण हे घर मला ठाऊक आहे. द्या, पोचवते."

काळ्या आपल्या घरी गेला.

पुढच्या सणाला दुकानदारीण रांगोळी घेऊन चांदी घासायला बसली, तेव्हा लखलख्या हळूच कापडाखाली सरकला.