सगुणाबाईंच्या हातातले चौथे अॅप

एकदा एका तरुणाला बायबलच्या अभ्यासाची चार अॅप्स एकाच महिन्यात सापडली आणि त्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. तरुणाचे नाव शमुवेल. तालुक्याच्या गावी झेरॉक्स काढून देण्याचे आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे त्याचे दुकान होते. ही अॅप्स फोनमध्ये उतरवून घ्यावी लागत नसत. इंटरनेटवर पत्ता टाकला की उघडत. मराठी वचने चारांतही तीच. शोधण्याची सोय, टिपणांची जागा, रोज काय वाचायचे ते ठरवून देणारे वेळापत्रक, हेही सगळ्यांत होते. फरक म्हणाल तर पहिल्यात नकाशे, दुसऱ्यात इब्री शब्दांचे अर्थ, तिसऱ्यात विद्वानांची भाष्ये. चौथे बिचारे साधे, वाचून दाखवण्यापलीकडे त्यात वेगळे काही नव्हते. शमुवेलने चारही ठिकाणी नाव नोंदवले आणि कुठेही खाडा पडू नये म्हणून रोज चार निरनिराळे अध्याय धावतपळत वाचू लागला. हसू नये, उत्साही माणसाचे असेच होते.

उत्साह एकट्याने भोगण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. चर्चच्या मंडळीतला जो भेटेल त्याला तो त्या आठवड्यात आवडलेले अॅप लावून देई. ह्याला नकाशांचे, त्याला भाष्यांचे.

त्या गावात एक वृद्ध बायबलबाई राहत. चाळीस वर्षे त्या घरोघर पायी फिरून बायकांना वचन शिकवत आल्या होत्या. पुढे गुडघे गेले, फिरणे संपले; तेव्हा दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता अकरा जणांनी त्यांच्या ओसरीवर जमायचे असा परिपाठ पडला. त्यांच्या आयुष्यभराच्या कामातले आता एवढेच शिल्लक होते.

एका गुरुवारी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "काय वाचलंत?" एक जण उत्पत्तीत होता, दुसरा स्तोत्रांत, तिसरा थेट प्रकटीकरणाला पोहोचलेला. प्रत्येकाच्या अॅपचे वेळापत्रक वेगळे! कुणाला कुणाशी बोलायला विषयच उरला नाही. साडेपाचला सगळे चपला घालू लागले. अकरांपैकी आठच आले होते, हेही बाईंनी पाहिले होते.

"शमुवेल, थांब जरा," त्या म्हणाल्या. "चारांतलं एक निवड. सगळ्यांनी तेच वापरायचं. पुढच्या गुरुवारीही असंच झालं, तर मी गुरुवार बंद करते. उगाच ओसरी अडवून बसण्यात अर्थ नाही."

हा घोळ आपणच घातला, हे शमुवेलला कळत होते. पण खरे सांगायचे तर मनातून त्याला गुदगुल्याही झाल्या. निवड करायची, तीही त्याने! तीन दिवस त्याने दुकानात बसून तक्ता केला. तेवीस मुद्दे, प्रत्येकाला गुण. नकाशांचे अॅप पहिले आले, साधे अॅप शेवटचे.

सोमवारी तो तक्ता घेऊन गेला. बाईंनी चष्मा लावून तेवीसही मुद्दे ऐकले. नकाशा पाहताना तर त्या लहान मुलीसारख्या पुढे झुकल्या. "हीच का याब्बोक नदी? इथूनच याकोब भावाला भेटायला निघाला? अरे, चाळीस वर्षं शिकवली ही नदी, आज पाहिली!" शमुवेलला वाटले, काम फत्ते.

इतक्यात बाईंनी तक्त्याची घडी घालून उशीखाली ठेवली.

"आता असं कर. फोन घे आणि सगुणाकडं जा. याकोब-एसावाच्या भेटीचा अध्याय चारी अॅपवर काढायला सांग. फोन तिच्याच हातात राहू दे. आणि तू तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

शमुवेल चक्रावला. सगुणाबाई कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जात. डोळे अधू, शाळा दुसरीपर्यंत. गेले तीन गुरुवार त्या आल्याही नव्हत्या. अॅपमधले त्यांना काय कळणार? पण बाईंचा शब्द मोडण्याची प्राज्ञा कोणाची!

सगुणाबाईंनी पदराला हात पुसून फोन घेतला. कांद्याने त्यांची बोटे अशी चिरली होती की काचेला त्यांचा स्पर्शच कळेना. पहिल्या अॅपने ईमेल मागितला. दुसऱ्यात अक्षरे मुंगीएवढी. बोट भलतीकडे लागले आणि इब्री शब्दांचा ढीग समोर आला. तिसऱ्यात वचन वर आणि भाष्य खाली, आणि खालचे काही केल्या संपेना. शमुवेलची जीभ शिवशिवत होती. त्याने ती दातांखाली धरली.

"नगं बाबा," त्या फोन परत करीत म्हणाल्या. "म्हणून तर येत न्हाई मी. तुम्ही समदे वाचून आलेले असता. मी आपली नुस्ती मान हलवते. लाज वाटती."

शमुवेलने चौथे अॅप उघडून फोन पुन्हा त्यांच्या हातात दिला. अध्यायांची नावे ठळक, आणि प्रत्येकापुढे ऐकण्याची मोठी गोल खूण. सगुणाबाईंनी दोनदा चुकून तिसऱ्यांदा बोटाच्या पेराने ती दाबली. खोलीत स्वच्छ मराठी आवाज घुमला.

"अगं बया! हे तर मलाच वाचून दाखवतंय!"

त्यांनी तो अध्याय एकदा ऐकला, पुन्हा ऐकला, तिसऱ्यांदा शेजारणीला हाक मारून ऐकवला. शमुवेल दारातच उभा राहून हसत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

तो धापा टाकीत परत आला. "बाई, चौथं! चौथंच घ्यायचं! पण... नकाशे? ते शब्दांचे अर्थ? ते सगळं सोडायचं?"

"सोड असं कोण म्हणालं?" बाई म्हणाल्या. "घरी खुशाल बघ, आणि गुरुवारी आम्हाला सांग, मला तर ती नदी परत बघायचीच आहे. पण त्या अध्यायात याकोब भावाला शेवटी काय म्हणाला, आठवतंय? ‘तू हो पुढं. माझ्याबरोबर लेकरं आहेत, दूधपित्या पिल्लांची गुरं आहेत. मी त्यांच्या चालीनं हळूहळू येतो.’ त्याला वेगानं जाता येत नव्हतं असं नाही, लेकरा. पण सगळ्यांना दामटलं असतं तर ती वाटेतच मेली असती, मग पोचल्यावर मागं वळून कुणाला बघितलं असतं? तुझ्या तक्त्यात तेवीस गोष्टी आहेत. सगुणा एकाही रकान्यात नाही."

ते खरे होते, आणि शमुवेलला लागलेही. दोन दिवसांत त्याने सगळ्यांच्या फोनवर, सगुणाबाईंच्याही, चौथे अॅप लावून दिले.

गुरुवारी पाचला अकराही जण हजर होते. सर्वांनी तोच अध्याय वाचला होता किंवा ऐकला होता. बाई तोंड उघडणार, तोच सगुणाबाई म्हणाल्या, "मला एक इचारायचंय. त्यो एसाव पळत आला म्हनत्यात. याकोबानं तर त्याला फसवलं व्हतं. मंग लांबनं बघताना याकोबाला कसं कळलं आसंल, की ह्यो मारायला न्हाई, गळ्यात पडायला येतोय?"

ओसरीवर एकच गलका उडाला. कुणी म्हणे, कळलेच नसेल. कुणी म्हणे, म्हणून तर याकोब सात वेळा जमिनीपर्यंत वाकला. शमुवेलने झटपट पहिले अॅप चाळले, दुसरे, तिसरे. भाष्यांतही याचे उत्तर सापडेना. त्याने फोन पालथा घालून बाजूला ठेवला.

"मला नाही ठाऊक, काकू. तुम्हाला काय वाटतं?"

सगुणाबाईंकडे सगळे वळून बघू लागले. त्यांनी क्षणभर विचार केला.

"हातांवरनं," त्या म्हणाल्या. "मारायला येनारा मुठी आवळून पळतो. ह्याचे हात पसरलेले आसतील."

बाईंनी डोळे मिटून मान डोलावली. आणि चारही अॅप्समध्ये मिळून शेकडो टिपणे ठेवणारा शमुवेल कान देऊन सगुणाबाईंचे ऐकत राहिला.