मुकुटावरचा पक्षी

एका राज्यात भोरू नावाच्या तरण्या धनगरानं एकच प्रश्न तीन दारांत विचारला, आणि त्याचं उत्तर त्याला कधीच कुणी दिलं नाही. प्रश्न असा होता, "माझा दादा कुणासाठी मेला?"

त्या राज्याची रीत अशी होती, की मारल्या गेलेल्या माणसाचा पक्षी होई आणि तो राजधानीच्या तटावर येऊन बसे. ज्याच्यासाठी तो मेला, त्यानं तटाखाली उभं राहून तीन हाका मारायच्या. तिसऱ्या हाकेला पक्षी मोकळा होई. अमावास्येचा सूर्य बुडेपर्यंत हाक आली नाही, तर त्याचा दगड होई.

राजा भद्रसेनानं थोरल्या चुलतभावाला बंदीत घालून गादी घेतली होती. भाऊ बंदीतच मेला. मग त्या भावाच्या लेकीला गादी मिळावी म्हणून गडकऱ्यानं बंड केलं, आणि त्या बंडात भोरूचा दादा शिदोजी बाण लागून पडला. राखी पक्षी होऊन तो तटावर बसला. रोज सकाळी विचारी, "भोऱ्या, भाकरी खाल्लीस का?"

"खाल्ली," असं भोरू रोज खोटं सांगे, आणि दादाचीच घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळी.

अमावास्या उजाडली. भोरू गडकऱ्याच्या दारी गेला.

"राजाच्या अन्यायापायी मेला तो," गडकरी म्हणाला. "राजाला विचार."

"लढायला नेताना पाठीवर थाप कुणी मारली होती?"

गडकऱ्यानं दार लावून घेतलं.

भोरू मांत्रिकाच्या दारी गेला. मांत्रिकानं परातीतल्या पाण्यात पाहिलं. "उत्तर दिसत नाही. पण राजाकडे जा. तोही एक हाक गिळून बसला आहे."

भोरूनं कमरेला कोयता खोचला आणि तडक राजवाडा गाठला. पहारेकऱ्यांनी वाट दिली. राजाला मारायला येईल त्याला अडवू नये, असा राजाचाच हुकूम होता.

राजा सिंहासनावर बसला होता. त्याच्या मुकुटावर काळा पक्षी होता, नखं सोन्यात रुतवून. तटावर बसला नाही म्हणून तो दगड होत नसे. दर अमावास्येला जड मात्र होई. मुकुट निघत नव्हता, मान उशीला टेकत नव्हती. राजा सात वर्षं झोपला नव्हता.

"कोयता धार लावून आणलास ना?" राजानं विचारलं.

"आणलाय. आधी सांगा, माझा दादा कुणासाठी मेला?"

"ते मला ठाऊक नाही. माझ्यामुळे मेला, एवढं खरं."

भोरूचा हात मुठीवर गेला. पण राजाची मान जुवाखालच्या बैलासारखी वाकलेली दिसली, आणि हात तिथंच थांबला.

"डोक्यावर कोण बसलाय?"

"माझा भाऊ. हाक मारली, तर मीच त्याला मारलं हे साऱ्या राज्याला कळेल."

"मग कळू द्या की! माझ्या दादाचा सांजेला दगड होतोय, आणि तुम्हाला लाज वाटतेय?"

राजा उठला. सात वर्षांत पहिल्यांदा तो तटाखाली आला. आयाबाया, शिपाई, गडकरी, बंडवाले, भावाची लेक, सगळे गोळा झाले.

"महाराज इंद्रवर्मा!" राजानं हाक दिली. पक्षी हलला नाही.

"महाराज इंद्रवर्मा!" नखं आणखी रुतली.

भोरू भडकला. "दरबारात बोलावताय होय? घरी कशी हाक मारायचात?"

राजा गुडघ्यांवर बसला. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता.

"दादा!"

काळा पक्षी उडाला. मुकुट घरंगळत धुळीत गेला.

राजानं उघड्या डोक्यानं विचारलं, "कुणासाठी ते ठाऊक नाही, पण माझ्यामुळे मेला, तर माझी हाक लागते का बघू. तुझ्या दादाला घरी काय म्हणत?"

"शिदू."

राजानं तीन हाका मारल्या. राखी पक्ष्यानं पंख पसरले आणि मान वळवली. "भोऱ्या, भाकरी..."

"खातो रे! जा तू!"

मग राजानं बंडात पडलेल्या बाकीच्यांच्या एकेका आईला लेकाचं घरचं नाव विचारलं आणि हाका मारत राहिला. सूर्य बुडाला तेव्हा तटावर एकही पक्षी नव्हता, आणि राजाला आवाज उरला नव्हता. गडकऱ्यानं तलवार खाली ठेवली. राजानं मुकुट पुसून आपल्या हातानं पुतणीच्या डोक्यावर ठेवला, आणि तटाला टेकून बसला तो बसल्या जागीच झोपला.

"उठवू नका," नवी राणी म्हणाली.

भोरूनं घोंगडी झटकली. दोन राखी पिसं उडाली. तिची घडी करून त्यानं ती राजाच्या डोक्याखाली सारली. मग शेजारी बसून फडक्यातली भाकरी सोडली, आणि दादासाठी सगळी खाल्ली.