पूजेला लावलेली गाडी

"करंट येतोय, पेट्रोल उतरतंय, कार्बोरेटर आत्ताच धुऊन बसवला. मग ही चालू का होईना, उस्ताद?"

निवास कुंभारने हे विचारलं तेव्हा किका मारून मारून त्याची पोटरी थरथरत होती. दुकानभर पेट्रोलचा वास सुटला होता.

उस्ताद दस्तगीर शिकलगार दुपारची नमाज आटोपून मागच्या खोलीतून नुकतेच बाहेर आले होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. दारात उभ्या असलेल्या मालन सिस्टरकडे पाहिलं.

गाडी सिस्टरांची होती. वरच्या धनगरवाड्यावर सगुणा नावाची पहिलटकरीण अडली होती, आणि आता रक्त जायला लागलंय असा फोन आला होता. सिस्टर औषधांची पिशवी घेऊन तशाच निघाल्या, आणि नेमकी घाटाच्या पायथ्याला, या दुकानासमोर, गाडी बंद पडली. जीप ओढ्यापर्यंतच जायची. पुढची चढण दुचाकीची, नाहीतर पायाची. पायी जायचं तर दिवस मावळला असता.

"लई वेळ झाला का?" उस्तादांनी विचारलं.

"झाला, चाचा."

"आत्ता होईल," निवास म्हणाला.

"हे मघापण म्हणाला असशील."

सिस्टरांनी मान हलवली. निवासने परत चोक ओढला आणि परत किक मारली.

निवासचा हात चांगला होता, हे कुणीही नाकारणार नाही. अडचण एवढीच की ते त्यालाही माहीत होतं, आणि ज्याला माहीत नसेल त्याला सांगायची सोय तो स्वतःच करायचा. सिस्टर रस्त्यावरून गाडी ढकलत आत आल्या तेव्हा त्याने त्यांना पुरतं बोलूही दिलं नव्हतं. चहा होईपर्यंत गाडी तयार, असं म्हणून बसला होता. चहा कधीच गार झाला होता.

त्यात तो खंडेनवमीचा दिवस. दुकान उस्तादांचं, पूजा निवासची, ही तिथली वहिवाट. सकाळीच पाटावर सगळे पाने, पकडी, हातोड्या धुऊन मांडल्या होत्या. हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडू ठेवले होते. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. लोकांनीही आपापल्या गाड्या पूजेसाठी घरी नेल्या होत्या, त्यामुळे दुकान ओकंबोकं होतं.

फक्त कोपऱ्यात, स्वच्छ चादरीखाली, एक गाडी उभी होती. ती निवासची.

भंगारातून एकेक भाग शोधून त्याने ती उभी केली होती. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला चढणीची शर्यत होती, आणि तिच्यात ती पहिली येणार याबद्दल निदान निवासला तरी शंका नव्हती. तिलाही हार घातला होता, नारळ फोडला होता.

सिस्टरांचा फोन वाजला.

"निघालेय," त्या फोनवर म्हणाल्या. "वाटेतच आहे. तिला झोपवून ठेवा… पाय जरा वर ठेवा. आलेच."

त्यांनी फोन ठेवला आणि कुणाकडेच पाहिलं नाही. त्यांना रडू आवरत नव्हतं.

निवास आता कार्बोरेटर पुन्हा खोलायला बसला. उस्ताद त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"हातात काय आहे रं?"

निवासचा हात थांबला. हातात दहा-अकराचा पाना होता. त्याच्यावर अजून कुंकू होतं.

तो साधा पाना नव्हता. उस्तादांच्या अंगठ्याने झिजून त्याला खळगा पडला होता. उस्तादांच्या हाताखालून जो बाहेर पडतो, त्याला ते आपल्या पेटीतला एक पाना देतात. तो मिळाल्याशिवाय या भागात कुणी त्याला मिस्त्री म्हणत नाही. निवास हा पाना मिळायची वाट बघत होता, आणि आज तो आपल्याला मिळणार असं त्याने मनाशी धरलंही होतं.

"घाई होती, उस्ताद. बाईच्या जिवाचा प्रश्न. पूजेतनं उचलला. चुकलं का?"

"न्हाई. बरोबर केलंस."

निवासला जरा हायसं वाटलं. त्याने पाना नटाला लावला.

उस्तादांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"सगळं तपासलंस?"

"सगळं."

"सगळं?"

"उस्ताद, आता काय उरलं नाही. काय उरलं असेल तर तुम्ही दाखवा."

 उस्ताद उठले, कोपऱ्यात गेले आणि चादरीचं टोक धरून उभे राहिले.

निवास झटकन उभा राहिला. आता खरं सांगायला हवं. ही गाडी त्याला आठवली नव्हती असं नाही. सिस्टरांनी धनगरवाड्याचं नाव काढलं तेव्हाच ती त्याच्या डोळ्यांपुढे आली होती. पण ओढ्यातले दगड, वरचा मुरूम, उद्याची शर्यत… त्याने तो विचार मागे ढकलला आणि सिस्टरांच्या गाडीवर तुटून पडला. ती चालू झाली असती तर हा प्रश्नच उरला नसता. म्हणून तर तो इतक्या किका मारत होता.

"ती… तिची पूजा झालीय, उस्ताद," तो म्हणाला. "आज ती बाहेर काढत न्हाईत."

 उस्तादांनी हातातला पाना वर धरला. कुंकवाचा डाग उन्हात लाल दिसला.

"आणि हा?"



निवासच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सिस्टरांकडे बघायची त्याची छाती झाली नाही. त्याने चादर ओढली, हार काढून पाटावर ठेवला आणि गाडी बाहेर घेतली. पहिल्याच किकेला ती सुरू झाली. त्या क्षणी त्याला तिचा राग आला.

ओढा डावीकडून पार करा, गाडी हाती देत एवढंच तो सिस्टरांना म्हणाला.

गाडीचा आवाज घाटात वर वर जात राहिला आणि मग ऐकू येईनासा झाला.

निवास परत आत आला. सवयीने त्याचा पाय सिस्टरांच्या गाडीच्या किकेकडे गेला.

"राहू दे तिला," उस्ताद म्हणाले.

त्याने पाय मागे घेतला. पाना धुतला, पुसला, पाटावर होता तिथे ठेवला, त्याला पुन्हा कुंकू लावलं. मग उंबऱ्यावर बसून राहिला. आज पाना मिळणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं, आणि नवल म्हणजे त्याचं त्याला फारसं वाटतही नव्हतं. कान घाटाकडे लागले होते. फोन येत नव्हता, आणि आपण करायचा तर सिस्टर कामात असतील.

उन्हं कलली तेव्हा घाटात आवाज आला.

गाडी जवळ आली तशी आधी टाकी दिसली. तिला चांगला पोचा आला होता. एक आरसा नव्हता. पुढचा मडगार्ड वाकून चाकाला घासत होता.  निवासची एवढ्या दिवसांची मेहनत होती ती.

सिस्टर उतरल्या. त्यांच्या साडीवर रक्ताचे डाग होते, आणि चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

"निवास, गाडी ओढ्यात…"

"सगुणा कशी आहे?" त्याने विचारलं.

सिस्टर पायरीवर बसल्या. "आहे," त्या म्हणाल्या. "थोडा उशीर झाला असता तर… पण आहे. मुलगी झाली. रडते पण खणखणीत."

निवासने पाणी आणून दिलं. मग खाली मान घालून म्हणाला, सिस्टर, तुमची गाडी तशीच पडलीय, जिथली तिथं.

"किक मार," मागून उस्ताद म्हणाले.

"आता काय उपयोग, उस्ताद?"

"मार."

त्याने चोक न ओढता, जीव नसल्यासारखी एक किक मारली.

गाडी चालू झाली. एका लयीत, जणू काही झालंच नव्हतं.

निवास तिच्याकडे बघत राहिला, मग उस्तादांकडे.

"पण उस्ताद… मघापासून मी हिला हातसुद्धा लावला नाही."

"म्हणून तर झाली. चोक ओढून ओढून तूच तिला पेट्रोलनं तुंबवली होतीस रं, आता ते सुकलं." उस्तादांनी पाटावरचा पाना उचलला आणि कुंकवासकट त्याच्या तळहातावर ठेवला.

"आता हात लावत जा, मिस्त्री."