खडी इंग्लिशची हाक

लवणधारच्या उतारावर मधोमध ही जी सपाट शिळा दिसते ना, तिला हाकेचा ओटा म्हणतात. जपून उभे राहा, खाली सरळ कडा आहे. तुम्ही शहरातली माणसं इंग्रजीच्या भेसळीला मिंग्लिश म्हणता, कोणी हिंग्लिश म्हणतं. आमच्याकडे तिचं नाव खडी इंग्लिश. हसू नका, तिच्यापायी एक बाई नवऱ्याला मुकायच्या बेतात आली होती.

धरण बांधत होते तेव्हाची गोष्ट. वर खाण, खाली भिंत, आणि मधे रुळांवरून दगडाचा डबा तारेच्या दोराने उतरवायचा. वरच्याला खालचं दिसायचं नाही, म्हणून या ओट्यावर यल्लव्वा नावाची वडारीण इशारे द्यायला उभी असायची. वर ब्रेकवर गुलबाज पठाण, खाली कोकणी गवंडी, साहेब विलायतेचा. सगळ्यांना कळेल अशी बोली कामातच तयार झाली. यल्लव्वाचा गळा असा खणखणीत, की तिची हाक वरखाली दोन्हीकडे पोचायची, असं सांगतात.

हेडक्लार्क दामोदरपंतांना ती बोली ऐकवेना. "ही कसली इंग्रजी? इंग्रजीची खडी केलीय मेल्यांनी!" असं ते म्हणायचे. नाव तिथूनच पडलं. नवा साहेब येताच त्यांनी हुकूम काढवला, की यापुढे इशारे शुद्ध इंग्रजीत, आणि ते स्वतः पंत देणार. यल्लव्वाला इथेच बाजूला दगड फोडायला बसवलं. ती मधे तोंड घालील ही धास्ती, म्हणून तिच्याकडून नवऱ्याच्या गळ्याची शपथ घेतली. तिने ती घेतली नसती तर नवराबायको दोघांचंही काम गेलं असतं. शपथ मोडली की ज्याचा गळा तो माणूस जातो, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. नवरा तिरमला म्हणजे तिचा जीव की प्राण होता.

तिसऱ्या दिवशी भरलेला डबा अर्ध्यावर आला आणि यल्लव्वाला दोराचे पीळ उलगडताना दिसले. खाली भिंतीवर चाळीस माणसं काम करत होती. पंतांनीही पाहिलं, आणि पुस्तकातलं लांबलचक वाक्य ओरडून म्हटलं. गुलबाजला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. डबा उतरतच राहिला. पंतांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, या वेळी त्यांचा आवाज चिरकला.

तिरमला वर खाणीत होता, सुखरूप. खाली यल्लव्वाचं कुणीच नव्हतं. ती गप्प बसली असती तर तिला कोण काय म्हणणार होतं? तेवढ्यात दोराची एक तार तुटली. तिने हातोडी टाकली. "तिरमला, मला माफ कर रे," एवढं पुटपुटली आणि घसा फोडून ओरडली,

"होल्ड मार, गुलबाज! बिरेक डौन! रोप खल्लास!"

डबा जागच्या जागी थांबला. खालची माणसं जीव घेऊन पळाली. मग दोर तुटला आणि डबा रिकाम्या भिंतीवर आदळला.

यल्लव्वा तोवर वर धावत सुटली होती. तिरमला धडधाकट होता. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला ताप भरला, तिसऱ्या दिवशी शुद्ध गेली. "मीच खाल्लं याला!" म्हणून ती कपाळ बडवून घ्यायची.

तेव्हा खालून मनकर्णा नावाची म्हातारी चढून आली. तिचे दोन मुलगे त्या चाळिसांत होते. "एकटीनं मोडलीस, म्हणून एकाच्याच गळ्याला लागली. आम्हीपण मोडतो. वाटून घेऊ," ती म्हणाली. या ओट्यावर उभी राहून तिने तेच बोल हाकारले. तिच्यामागून चाळीसही जणांनी हाक दिली. शेवटी दामोदरपंत आले, पगडी काढून ठेवली आणि भर उन्हात खडी इंग्लिशमध्ये ओरडले. संध्याकाळी तिरमलाने पाणी मागितलं म्हणे.

त्या दिवसापासून हा उतार उतरणारा जो तो इथे तीच हाक देऊ लागला. पुढे तिरमला नातवंडं पाहून, म्हातारा होऊन गेला. लोक म्हणाले, आता हाक कशाला? तेव्हा यल्लव्वा म्हणाली, "उद्या कुण्या बाईवर हीच वेळ आली, तर वाटून घ्यायला माणसं नकोत का?"

आजही ट्रकवाला असो, नवी नवरी असो, शाळेचे मास्तर असोत, हाक दिल्याशिवाय कुणी हा उतार उतरत नाही. तुम्हीही द्या. लाजू नका, मोठ्याने द्या.