भाव न सांगितलेला केक

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी. मार्गशीर्ष महिना. थंडी कडक. नाताळ दोन आठवड्यांवर आला होता.

बोरदरा गावात पेरूच्या बागेला लागून एक कौलारू घर होतं. घरात माणसं दोनच. दहा वर्षांची शलोमी आणि तिची आई मार्था. शलोमीचे बाबा डाक बंगल्यावर स्वयंपाकी होते. ते वारले. त्यांच्यामागे एकच वस्तू राहिली, त्यांनी स्वतः पत्रा ठोकून बनवलेली केकची भट्टी. खाली निखारे, वर निखारे, मध्ये केक.

आई त्या भट्टीत केक भाजायची. सोनचाफ्यासारखा पिवळा, सावरीच्या कापसासारखा मऊ. गावात कोणाचा वाढदिवस आला की लोक दारात यायचे. कोणाला फुलपाखरू हवं, कोणाला लाल कौलांचं घर हवं, कोणाला वर साखरेनं नाव लिहून हवं. लोक सांगतील तसं आई करून द्यायची.

मग लोक विचारायचे, "किती द्यायचे, मार्थाबाई?"

आई जमिनीकडे बघायची आणि म्हणायची, "द्या काय द्यायचं ते."

लोक द्यायचे. लोक वाईट नव्हते. पण त्यांनी दिलेल्या पैशांत पुढच्या केकचं लोणीसुद्धा येत नव्हतं. आईच्या पायात चप्पल राहिली नव्हती. शलोमीच्या स्वेटरला दोन्ही कोपरांवर भोकं होती आणि त्यांतून थंडी आत यायची.

एका सकाळी आई म्हणाली, "नाताळ झाला की भट्टी भंगारवाल्याला देऊन टाकू. मी मंगल कार्यालयात भांडी घासायला जाईन. तिथे पगार तरी ठरलेला असतो."

भट्टीच्या झाकणावर बाबांच्या हातोडीचे ठोके दिसत होते. शलोमी त्यांवरून बोट फिरवत बसली. मग काटक्या आणायला बागेत गेली.

बागेत धुकं होतं. पेरूच्या पानापानावर दंव होतं, लुकलुक लुकलुक करणारं, जणू कोणी बिलोरी मणी सांडले होते. शलोमीच्या खिशात कागदात गुंडाळलेला केकचा तुकडा होता. आदल्या दिवशी आईने घराच्या आकारात केक कापला, त्याची ही उरलेली कड. तेच शलोमीचं दुपारचं जेवण.

"ए मुली," वरून आवाज आला. "कसला गं वास येतोय?"

शलोमीने वर पाहिलं. फांदीवर वीतभर उंचीची परी बसली होती. हळदुल्या रंगाचे इवले इवले पंख, गुंजेसारखे लालचुटुक जोडे, केसांत दवाचे थेंब. थंडीने तिच्या नाकाचा शेंडा गुलाबी झाला होता.

"केकचा," शलोमी म्हणाली. "तुला भूक लागली आहे का?"

"काल संध्याकाळपासून काही खाल्लं नाही. पंख ओले झाले, उडता येईना."

शलोमीने तुकडा अर्धा केला नाही. सगळा दिला. परीने कणन् कण खाल्ला, चिमुकली बोटं चाटली आणि विचारलं, "किती झाले?"

शलोमीने जमिनीकडे पाहिलं. तोंडातून सवयीने निघून गेलं, "द्या काय द्यायचं ते."

परी उडायला गेली आणि धपकन् फांदीवर बसली. पुन्हा गेली. पुन्हा बसली.

"केलास घोटाळा!" परी रागावली. "पंख तर सुकले. हे तुझ्या बोलण्याने जड झाले."

"मी काय केलं?"

"भाव सांगितला असतास तर मी दिला असता. 'तुला दिला' म्हणाली असतीस तर घेतला असता. तू दोन्ही केलं नाहीस. परीच्या डोक्यावर देणं असलं की परीला उडता येत नाही. आणि देणं किती तेच मला ठाऊक नाही."

"मग आता देऊन टाकला. जा तू."

"खाऊन झाल्यावर दिलेलं चालत नाही."

"मग चार आणे?"

पंख हलले नाहीत.

"एक रुपया?"

नाहीच.

"अंदाज नको," परी म्हणाली. "केक कोणी केला?"

"आईने."

"मग भाव तिनेच सांगायचा. ज्याने केलं त्याने सांगायचं, तोंड वर करून. बोलाव तिला."

शलोमीला रडू आलं. "ती नाही सांगणार गं. तिला सांगताच येत नाही. म्हणून तर बाबांची भट्टी चालली भंगारात."

परीचा राग उतरला.

"भट्टी घरात राहावी असं वाटतं तुला?"

"खूप वाटतं."

"तर ऐक. मी पैसे देणार नाही. परीने फुकट दिलेले पैसे टिकत नाहीत." परीने पंख झटकला. त्यातून सोनेरी भुरभुर पडली, इतकी हलकी की हवेतच झळकत राहिली. शलोमीने ती कागदात धरली. "ही मैद्यात मिसळ. खरा भाव सांगून केलेला केक फुलेल, असा की कोणी पाहिला नसेल. कमी भाव सांगितलास, केक बसेल. जास्त सांगितलास, दगड होईल. द्यायचा असेल तर पूर्ण दे आणि बदल्यात काही घेऊ नकोस. अर्धं विकणं अर्धं देणं मला चालत नाही. आणि भाव भट्टी पेटवायच्या आधी सांगायचा."

"खरा भाव मला कसा कळणार?"

"सांग, केकला काय काय लागतं?"

"मैदा, साखर, लोणी, अंडी, कोळसा."

"आणखी?"

शलोमीने आठवून पाहिलं. "बस्."

"मग तो आपोआप झाला का? अंडी कोणी फेटली? निखाऱ्यापाशी कोण बसलं? त्या घराची लाल कौलं कोणी बसवली?"

"आईने."

"मग आईला वजा का केलंस?"

शलोमी काटक्या घेऊन घरी आली.

घरी आई तापाने फणफणली होती. गोधडी ओढून पडली होती. दुपारी मोकाशीकाकू आल्या. काकूंचा वाडा मोठा, आवाज त्याहून मोठा.

"मार्था, नातवाचा वाढदिवस आहे गं परवा. आगगाडीचं इंजिन पाहिजे त्याला. काळं, चाकांसकट. धूर निघाला तरी चालेल!"

आईने गोधडीतूनच शलोमीला खूण केली, तू बघ. शलोमीने मनात बेरीज केली. मैदा, साखर, लोणी, अंडी, कोळसा. आणि करणाऱ्या हातांची मजुरी.

"पस्तीस रुपये होतील, काकू."

"अगंबाई! पस्तीस?" काकूंनी कपाळाला हात लावला. "घरचाच ना केक तुमचा? दुकानाचं भाडं नाही, नोकर नाही, चाकर नाही. मग पस्तीस कसले?"

शलोमीचे कान तापले. तिची नजर जमिनीकडे गेली. "बरं... वीस द्या."

"आता कसं शहाण्यासारखं बोललीस!" काकू हसत गेल्या.

आई पडल्या पडल्या सांगत होती, शलोमी करत होती. अंडी फेटून हात भरून आले. सोनेरी भुरभुर चिमूटभर मिसळली. मिश्रण चांदण्यासारखं चमकलं. भट्टी उघडली तेव्हा केक फुगलेला होता, छान, टम्म. मग शलोमीच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू खाली गेला आणि पायाखाली आलेल्या टोपीसारखा चपटा झाला.

"लोणी वाया गेलं," आई म्हणाली. घरात आता एकाच केकपुरतं लोणी उरलं होतं.

सकाळी शलोमी मोकाशांच्या वाड्यावर गेली. काकू तांदूळ निवडत होत्या.

"काकू, केक बसला. चूक माझी. मी तुम्हाला खोटा भाव सांगितला."

"म्हणजे गं?"

"इंजिनाचे पस्तीसच होतात. वीस रुपयांत साधा गोल केक होईल, लहान. वर नाव लिहून देईन. तोही चांगलाच होईल. पण वीस रुपयांत इंजिन होणार नाही."

"अगं, भाव वाढवून सांगायला आलीस होय सकाळी सकाळी?"

"वाढवला नाही, काकू. काल कमी सांगितला."

"आणि घरचा केक तो! घरचा!"

"घरचाच आहे," शलोमी म्हणाली. आज तिची नजर वर होती. "घरी आई आहे. तिच्या हातांचे पैसे धरले आहेत. कालपर्यंत आम्ही ते धरत नव्हतो."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "राहू दे मग. बिस्किटांचा पुडा आणते मी दुकानातून."

"बरं, काकू," शलोमी म्हणाली आणि निघाली.

बागेत परी फांदीवर पाय हलवत बसली होती. शलोमीने सगळं सांगितलं.

"वाईट बोललीस का त्यांना?"

"नाही."

"मग झालं. ज्याला नको त्याला नको. तो काही तुझा वैरी नाही. घरी जा."

शलोमी घरी आली. निखारे पेटवायला काही कारण नव्हतं. ती भट्टीपाशी नुसती बसून राहिली.

ऊन कलायला लागलं तेव्हा फाटक वाजलं. मोकाशीकाकू. मागे त्यांचा नातू, रडून रडून नाक लाल.

"घे बाई, कर तुझं इंजिन," काकू म्हणाल्या. "हा कार्टा बिस्किटाकडे बघायला तयार नाही. पस्तीस तर पस्तीस. पण चाकं सहा पाहिजेत हं!"

"सहाच लावते, काकू. त्याचे वेगळे नाहीत."

त्या दिवशी भट्टीतून जो केक निघाला तो शलोमीने आधी कधी पाहिला नव्हता. कडा मधासारख्या तांबूस, वर कोकोचं काळं तुकतुकीत अंग, बिस्किटांची सहा गोलमटोल चाकं, पुढे साखरेचा शुभ्र दिवा. तो दिवा खरोखर लुकलुकतोय असं नातवाला वाटलं. त्याने टाळ्या पिटल्या. काकूंनी पस्तीस रुपये मोजून दिले आणि दारातून वळून म्हणाल्या, "चांगला झालाय हो." एवढंच.

पण काकूंचा आवाज मोठा होता, हे सांगितलंच आहे. नाताळापर्यंत रोज कोणी ना कोणी आलं. काहींनी भाव ऐकून तोंड फिरवलं. शलोमी त्यांना पाणी देऊन निरोप द्यायची. काहींनी लहान केक घेतला. एक ठेकेदारीणबाई मोटारीतून उतरल्या आणि म्हणाल्या, "साठ घे की गं, मला घाई आहे." साठ! शलोमीला आईच्या अनवाणी पायांसाठी चप्पल दिसली. पण दगड झालेला केक कोणी खात नाही. ती म्हणाली, "पस्तीस, बाई. उद्या दुपारी या."

आई अंथरुणातून हे सगळं ऐकत होती.

नाताळच्या आदल्या दिवशी आई उठून बसली. फळीवर एकच केक उरला होता. शलोमीने तो घरच्या नाताळासाठी केला होता. वर साखरेची चांदणी होती. तेवढ्यात दारात वीटभट्टीवरची एक पोरगी आली. केस भुरकट, अंगभर लाल धूळ. मूठ घट्ट मिटलेली.

"रुपयाचा केक द्या."

"तुझं नाव काय गं?"

"बयो. भाऊ आजारी हाय माझा. त्यानं केक कधी बघितलाच नाय."

तिने मूठ उघडली. रुपया घामाने ओला झाला होता.

शलोमीने फळीकडे पाहिलं. रुपया घेतला तर तो खोटा भाव. "रुपयाचा केक आमच्याकडे नाही," ती म्हणाली.

बयो वळली.

"थांब ना. रुपया तुझ्याकडेच ठेव. हा केक मी तुला दिला."

"सगळा?"

"सगळा."

"पण रुपया घ्या की!"

"रुपया घेतला तर केक बसेल," शलोमी म्हणाली. बयोला ते कळलं नाही. पण तिने केक दोन्ही हातांनी धरला. साखरेची चांदणी लखलखली तशी धुळीने माखलेल्या तिच्या तोंडावर सोनेरी उजेड पडला. ती पळत गेली तरी तो उजेड रस्त्यावर बराच लांबपर्यंत दिसत होता.

आईने तो पाहिला. शलोमीच्या डोक्यावरून हात फिरवला.

तेवढ्यात भंगारवाल्याची हातगाडी फाटकाशी थांबली. आईनेच त्याला मागे सांगून ठेवलं होतं, तो ठरल्याच्या आधीच आला होता.

"ही का भट्टी? पत्रा चांगला आहे. किती द्यायचे, बाई?"

आईने जमिनीकडे पाहिलं. तोंड उघडलं. "द्या का—" आई थांबली. तिने मान वर केली.

"भट्टी विकायची नाही."

"अहो, बोलावलं होतंत ना?"

"बोलावलं होतं. तुमची खेप फुकट गेली. चहा घेऊन जा. पण भट्टी विकायची नाही."

भंगारवाल्याने चहा घेतला आणि तो गेला.

शलोमीने आईचा हात धरला आणि तिला बागेत नेलं. पेरूच्या झाडांतून संध्याकाळचं केशरी ऊन गळत होतं. परी फांदीवर उभी होती. आईने तिच्याकडे पाहिलं. हळदुल्या पंखांकडे पाहिलं, लाल जोड्यांकडे पाहिलं. पदर सावरला.

"मार्थाबाई," परी म्हणाली, "तुमच्या केकची कड मी खाल्ली होती. कौलांच्या घराची. किती झाले?"

आईने विचार केला. "कडच होती," ती हळू म्हणाली. मग मान ताठ झाली. "पण लोणी त्यातही तेच होतं. अंडी मीच फेटली होती. अडीच रुपये झाले."

परीचे पंख थरथरले.

झाडाच्या ढोलीत तिने कधीचे पैसे जपून ठेवले होते. त्यांतून रुपयाची दोन नाणी आणि आठ आण्यांचं एक काढलं. नाणी तिच्या डोक्याएवढी मोठी होती. तिने ती एकेक ढकलत फांदीच्या टोकाशी आणली आणि आईच्या ओंजळीत टाकली. आईने मोजून घेतली.

पंख पसरले. पिवळा, केशरी, गुलाबी असा लख्ख उजेड झाला, पानापानावर ठिणगी ठिणगी चमकली, आणि फांदी रिकामी झाली.

देणं फिटलं.