कुरणगावची तासाची चिंच

मैदानाच्या कडेला ही चिंच आहे ना पाहुणे, तिच्या फांदीला काशाचा तास, म्हणजे टोले द्यायची थाळी, टांगलेला दिसेल. तिथपासून खेळाडूंच्या मांडवापर्यंत एक उघडी पायवाट आहे, तिच्यावर गवत म्हणून धरत नाही. ती सटवाजी घड्याळजीच्या येरझारांनी पडली, असे सांगतात.

गावात गोऱ्यांची पलटण होती तेव्हाची गोष्ट. सटवाजी कचेरीचा तास द्यायचा. घंगाळातल्या पाण्यावर बारीक भोकाची वाटी तरंगत ठेवायची, ती भरून बुडाली की टोला हाणायचा, हे त्याचे काम. नाद मात्र क्रिकेटचा. खेळ अगदी बेताचा; उभ्या जन्मातली मोठी खेळी सात धावांची, तीही गावातल्या गावात, आणि फलंदाजीला नंबर अकरावा. दरसाल पलटणीशी सामना होई आणि तो कचेरीच्या शेवटच्या तासाला थांबे. म्हणून त्या दिवशी सटवाजी घंगाळ इथेच मांडी. पॅड बांधून वाटी बघायला चिंचेकडे जाई, खेळ बघायला मांडवाकडे येई. त्याचे बूड कधी टेकले नाही. दरसाल त्याची पाळी येण्याआधीच तास होई. घरी भागू, त्याची बायको, विचारी, "औंदा तरी खेळलासा का?" बिचारा मान खाली घाली.

एका वर्षी जिंकायला दोन धावा हव्या असताना नववा गडी पडला. सटवाजी चिंचेखाली होता. आरोळी ऐकून त्याने बॅट उचलली, खाली पाहिले, तर वाटी तळाला गेलेली! दुसऱ्या कुणाचे तिकडे लक्षच नव्हते. तो मैदानात शिरला आणि परत वळला, म्हणे. पुन्हा निघाला, पुन्हा वळला. संघाचे कप्तान नरसोपंत वकील धावत आले.

"अरे, जा की!"

"पंत, वाटी बुडाली."

"बुडू दे! दोन धावा काढ, मग खुशाल तास दे."

सटवाजीला खेळायचे होते, फार फार खेळायचे होते. पण त्याच्या टोल्यावर कचेरी उघडत होती, पहारे बदलत होते, सारे गाव विसंबून होते. त्याने बॅट बुंध्याला टेकवली आणि तास दिला. हाताशी आलेला सामना अनिर्णित राहिला.

गाव त्याच्यावर तुटून पडले. पंतांनी पुन्हा त्याला संघात घेतले नाही. पुढेही तो सामन्याला वाटी सांभाळायला येई, तशाच येरझारा घाली, फक्त पायांना पॅड नसत.

सामना हुकला त्या संध्याकाळी मात्र तो पॅड बांधलेलाच घरी गेला. भागूने विचारले, "खेळलासा का?"

"तास दिला," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटले. भागू खाली बसली आणि तिने त्याचे पॅड सोडले.

पलटण गेली, वाटीही गेली. आजही इथे सामना संपवणारा तास तोच देतो, ज्याची पाळी शेवटपर्यंत आली नाही. तो पॅड बांधूनच घरी जातो. दारात कुणी विचारले तर "तास दिला" एवढेच सांगतो. मग घरचे कुणीतरी त्याच्यापुढे खाली बसते आणि त्याचे पॅड सोडते.